निवास, न्याहारी आणि मुकुंदराव

“हायसं वाटलं हो, आपल्यातलंच कुणी येतंय म्हणून,” फोनवरच्या बाई म्हणाल्या, आणि मकबूल इनामदारने रिसीव्हर उजव्या कानावरून काढून डाव्या कानाला लावला, जणू डाव्या कानाला ते वाक्य वेगळं ऐकू येणार होतं. बाईंचा आवाज स्वच्छ होता, किंचित नाकातला, दुपारी वाचनालयातून पुस्तकं बदलून आणणाऱ्या बायकांचा असतो तसा. वाईच्या अलीकडे त्यांचं घर होतं, मागच्या दारी नदी होती, न्याहारीला थालीपीठ नाहीतर सांजा मिळणार होता. “नाहीतर हल्ली कोण कुठला येऊन उतरेल, सांगता येतं का? तुमचं नुसतं बोलणं ऐकलं आणि कळलं.” काय कळलं ते बाईंनी सांगितलं नाही आणि मकबूलने विचारलं नाही. “कळवतो,” एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. दोन्ही कान गरम झाले होते. खाली गुरुवार पेठेच्या बोळात सायकलच्या दुकानासमोर कुणीतरी फुगवलेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून पंक्चर शोधत होतं, आणि मकबूल खिडकीशी उभा राहून बुडबुडे कुठून येतायत ते मन लावून बघत राहिला. आपल्यातलंच. शब्द साधा होता. सर्वनामाचं रूप, त्याला प्रत्यय, शेवटी जोर देणारा च. त्याने असा शब्द फळ्यावर किती वेळा फोडून दाखवला असेल. फोडला तरी आत कोण बसलंय ते मात्र व्याकरणात दिसत नव्हतं.

हे सगळं सुरू झालं कमरजहांच्या एका वाक्यावरून. मकबूल त्या उन्हाळ्यात निवृत्त झाला. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत त्याने जन्मभर मराठी शिकवलं होतं. निरोपसमारंभाची शाल घडी करून कपाटात ठेवताना कमरजहां म्हणाली होती की आता मला चार दिवस अशा ठिकाणी घेऊन चला, जिथं सकाळी उठून मला गॅस पेटवायचा नाही. हॉटेल नको. हॉटेलात मला बाथरूममधून बाहेर यायलासुद्धा लाज वाटते. कुणाचं तरी घर पाहिजे, झाडं पाहिजेत. कमरजहां घरात दख्खनी बोलायची आणि तो तिला मराठीत उत्तरं द्यायचा. लग्नापासूनची ही रीत होती आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. फक्त ती मराठीत बोलायला लागली की प्रकरण गंभीर आहे, एवढं मकबूलला कळायचं, आणि हे वाक्य ती मराठीत बोलली होती. त्याच सुमारास खेड्यातल्या घरांमधून शहरातल्या लोकांना राहायला खोली आणि सकाळची न्याहारी देण्याची टूम निघाली होती. दीनानाथने रविवारच्या पुरवणीचं एक पान आणून दिलं, त्यात अशा घरांचे फोननंबर होते. दीनानाथ त्याच शाळेत गणित शिकवायचा आणि त्याच्याबरोबरच निवृत्त झाला होता. “तू का नाही जात?” मकबूलने त्याला विचारलं होतं. “गैरसोय सोसायला बाहेरगावी कशाला जायचं?” दीनानाथ म्हणाला होता. “घरी आहे की.”

पहिला फोन त्याने मुळशीकडच्या एका घरी केला. आपण इनामदार बोलतोय, असं सांगून त्याने विचारलं, खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आहे का? पलीकडचा माणूस म्हणाला, आहे. बस्स, एवढंच. आणि मकबूलला एकदम इतका आनंद झाला की त्याला पुढचा प्रश्न सुचेना. आनंद कशाचा, हे त्याला जिना उतरून कोपऱ्यावर दूध आणायला गेल्यावर कळलं. त्या माणसाने ‘तुमचं मराठी किती छान आहे हो’ असं म्हटलं नव्हतं. हे वाक्य मकबूल लहानपणापासून ऐकत आला होता. रेशनच्या कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, पालकांच्या सभेत, दवाखान्यात तपासायच्या टेबलावर उघडा पडलेला असताना डॉक्टरांच्या तोंडून. किती शुद्ध! किती स्वच्छ! अगदी वाटत नाही हो. काय वाटत नाही, ते कौतुक करणारा कधीच पुरं करायचा नाही, आणि मकबूल हसून मान लववायचा, आणि नंतर दिवसभर दातात बडीशेप अडकल्यासारखं काहीतरी जिभेने चाचपत राहायचा. मासा छान पोहतो असं माशाला कुणी म्हणत नाही. त्याचे वडील अप्पा बळवंत चौकाजवळ पुस्तकं बांधायचे. खळीच्या वासात, कातरलेल्या कागदाच्या पट्ट्यांच्या ढिगात बसून तो क्रमिक पुस्तकं शिवायच्या आधीच वाचून टाकायचा. पानं उलटसुलट असायची, त्यामुळे कित्येक धड्यांचा शेवट त्याला सुरुवातीआधी माहीत असायचा. मराठी त्याने कुठून आणलं नव्हतं. ते घरात पडलेलं होतं. एकदा आंतरशालेय पाठांतराच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी त्याला खांद्याला धरून सभागृहाकडे वळवलं आणि म्हणाले, “आणि बघा हं, हा कोण आहे!” टाळ्या कडाडल्या. कोण आहे ते बघायला मकबूलने मागे वळून पाहिलं होतं. मागे पडदा होता.

फोनवर मात्र कुणाला काही दिसत नव्हतं. आडनावही असं की त्यातून काही निसटत नव्हतं. इनामदार सगळ्यांच्यात असतात. कुठल्याशा पूर्वजाला कसलंसं इनाम मिळालं होतं म्हणे. इनाम केव्हाच गेलं, दार तेवढं राहिलं, असं त्याचे वडील म्हणायचे. त्या दारातून मकबूल आता रोज संध्याकाळी बाहेर पडू लागला. त्याने पानशेतला फोन केला, जुन्नरला केला. समुद्राला कमरजहां घाबरते हे ठाऊक असूनही त्याने दापोलीला केला. उशा कापसाच्या आहेत की फोमच्या? खिडकी पूर्वेला आहे का? घरात कुत्रं आहे का, असल्यास स्वभावाने कसं आहे? तो चिकित्सक झाला, तऱ्हेवाईक झाला, आणि लोक त्याला चिकित्सक, तऱ्हेवाईक पुणेकर माणसासारखं वागवू लागले, म्हणजे वैतागू लागले. जुन्नरचा माणूस तर चक्क म्हणाला, “आपल्याला यायचंय की घर विकत घ्यायचंय?” मकबूल फोन ठेवून किती तरी वेळ खूश होता. इतक्या निर्मळपणे त्याच्यावर आजवर कुणी खेकसलं नव्हतं. कमरजहां स्वयंपाकघरातून बघत होती. “क्या जी, मकान ले रे क्या उधर?” तीही म्हणाली. “नीट चौकशी करायला नको?” तो म्हणाला. असे बरेच दिवस गेले. सुट्टीचं ठिकाण काही ठरेना, आणि मकबूलला ते ठरू नये असंच वाटायला लागलं होतं, तेवढ्यात वाईच्या बाईंनी ते ‘आपल्यातलंच’ म्हटलं आणि पाण्यात बुडबुडा आला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःला शिक्षा म्हणून आणखी एका घरी फोन केला आणि सुरुवातीलाच ठणकावून पूर्ण नाव सांगितलं, मकबूल इनामदार, मला पुढच्या महिन्यात खोली हवी आहे. पलीकडचे गृहस्थ जराही अडखळले नाहीत. त्यांचं ‘आपण’ आपणच राहिलं, आवाज तसाच मऊ राहिला, फक्त त्यांचा पुढचा महिना भरला. त्याच्या पुढचाही भरलेला होता. मग पावसाळ्यात ते घर बंदच ठेवतात. “पण आपण आवर्जून फोन केलात, आनंद वाटला,” ते म्हणाले. आणि तो आनंद खोटा नसावा, असंही मकबूलला वाटून गेलं. तेच त्याला जास्त लागलं. धडधडीत नाही म्हटलं असतं तर माणूस रागावू तरी शकला असता.

मग मच्छिंद्रचा नंबर लागला. भोरच्या पुढे, धरणाच्या काठाला त्याचं घर होतं, आणि तिथली तार कुठल्या झाडांतून आली होती कोण जाणे, आवाजापेक्षा खरखर जास्त होती. “खोली हाय,” तो ओरडत होता. “नवीनच बांधलीया. नाव काय घ्यायचं?”

“मकबूल इनामदार.”

“मुकुंद?”

खरखर झाली. मकबूलने तोंड उघडलं.

“मुकुंदराव इनामदार! घेतलं, घेतलं लिहून.”

“हं,” मकबूल म्हणाला.

नंतर त्याने त्या ‘हं’चा पुष्कळ विचार केला. ते होकाराचं हं नव्हतं. ऐकतोय, पुढे बोला, अशा अर्थाचं ते हं होतं. निदान तोंडातून निघताना तरी होतं. पण तो पुढचं बोलेपर्यंत मच्छिंद्र पुढे गेला होता. “आन जेवनाचं कसं करायचं? आमच्यात कांदा-लसून असतंय. तुमाला चालत नसंल तर तसं सांगा.” यावर चालतंय असं एका शब्दात सांगायचं, तर मुकुंदरावांना का चालतं याचा खुलासा करावा लागला असता, असं त्या क्षणी मकबूलला वाटलं. म्हणून तो कोणत्याही सभ्य पुणेकराने दिलं असतं तसं उत्तर देऊन बसला. “छे छे, आमच्यासाठी कशाला उगीच त्रास?” त्याचा अर्थ तुम्ही नेहमीचं करा, असा होता. पलीकडे त्याचा अर्थ कांदा नको, असा झाला. “न्हाई न्हाई, तरास कसला,” मच्छिंद्र पडलेल्या आवाजात म्हणाला, आणि मकबूल पुण्यातला निवृत्त मास्तर असल्याचं नि त्याचा फोननंबर लिहून घेऊन जागा ठरली.

त्यानंतर काही दिवस मुकुंदराव मकबूलबरोबर राहिले. त्यांना हाकलण्याचं त्याच्या मनात होतं, पण ते निरुपद्रवी होते. मंडईत भाजी घेताना मकबूलच्या लक्षात आलं की आपण हात पाठीमागे बांधून चालतोय. मुकुंदराव तसे चालत असावेत. मुकुंदरावांना दुपारी झोप लागायची. मुकुंदरावांची कुठल्याशा बँकेत, नाही, विमा कंपनीत नोकरी झाली होती आणि त्यांनी कधी कुणाला आपण कोण हे समजावून सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांचा गळा तरुण राहिला होता. बसमध्ये कुणाचा धक्का लागला तर मुकुंदराव मोठ्याने “अहो!” म्हणायचे. मकबूल कधी म्हणायचा नाही. तो नेहमी आधी स्वतःच सरकून घ्यायचा. मुकुंदरावांची मोठी मौज म्हणजे ते सामान्य होते. त्यांचं मराठी यथातथाच होतं, ते ‘मी आलो असतो’ऐवजी ‘मी आलेलो असतो’ म्हणायचे, र्‍हस्वदीर्घाची त्यांना फिकीर नव्हती, आणि कुणी त्यांना काही म्हणत नव्हतं. एका सकाळी आरशासमोर दाढी करताना मकबूलने पाहिलं तर त्यांचा चेहरा आपल्यासारखाच होता. साबण पुसल्यावर फरक काढून दाखव म्हटलं असतं तर त्याला काढता आला नसता. त्याला हसू आलं. मग वस्तरा हनुवटीपाशी थांबला आणि हसू गेलं. कमरजहांचं काय करायचं, याचा विचारच केला नव्हता.

तो शुक्रवार होता. मकबूल तसा धर्मकर्मातला माणूस नव्हे, पण जुम्म्याची नमाज तो चुकवायचा नाही. वडिलांबरोबर जायचा, ते गेल्यावर त्यांच्या जागी उभा राहायचा. घरी परत आला तेव्हा कमरजहां जमिनीवर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“या मुकुंदराव,” ती म्हणाली. मराठीत.

मकबूलने खिशातली टोपी खिशातच दाबली. फोन आला होता. मच्छिंद्रचा. मुकुंदराव हायती का, असं त्याने विचारलं होतं. कमरजहांने आधी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. पुन्हा आला. मुकुंदराव इनामदार, पुण्याचे, मास्तर. तेव्हा तिला उलगडा झाला. “मग मी म्हटलं, मुकुंदराव नाही, मकबूल. नमाज पढायला गेलेत. येतील एवढ्यात.”

“आणि तो काय म्हणाला?”

“बरं म्हणाला. ठेवला.”

“मी खोटं नाव सांगितलं नाही, कमर. त्याने चुकीचं ऐकलं. मी फक्त हं म्हटलं.”

“आपल्या निकाहातही तुम्ही एवढंच म्हटलं होतं. कुबूल. एकच शब्द. त्याचं केवढं झालं बघा.” तिने एक पाकळी सोलून वाटीत टाकली. “आणि मी कोण होते तिथं? माझंही काही ठरवलं असेल. मंदाकिनी चालेल. मंदाकिनीबाई इनामदार. चार दिवस मी गप्प बसायचं, की मला हं म्हणायलाही शिकवणार होता?”

मकबूल खुर्चीच्या कडेवर बसला. त्याला सांगायचं होतं की असं नव्हतं. त्या फोनवर माझं कुणी कौतुक केलं नाही, कमर, तुला नाही कळायचं ते किती छान वाटतं. पण तिला कळलं असतं याचीच त्याला भीती वाटली. तिच्या मराठीला दख्खनी हेल होता, आयुष्यभर भाजीवाल्यापासून मुलांच्या बाईंपर्यंत सगळ्यांशी ती त्याच हेलात खणखणीत बोलत आली होती, आणि तिला कुणी आपल्यातली समजण्याची चूक कधीच केली नव्हती. “मकबूलच्या बायकोला जिथं जागा असेल तिथं मी येईन,” ती म्हणाली. “नसेल तर मी चार दिवस सिताराकडं येरवड्याला जाते.” सितारा तिची बहीण. एरवी मकबूलने यावर विनोद केला असता, पुण्यात येरवड्याला जाते म्हटलं की लोक काय समजतात हे तिला ऐकवलं असतं. त्या दिवशी त्याला धीर झाला नाही.

संध्याकाळभर त्याच्या डोक्यात एकच शब्द घुमत राहिला. बरं. मराठीत या शब्दाइतका दगाबाज शब्द दुसरा नसेल. बरं म्हणजे ठीक. बरं म्हणजे पुढे सांगा. बरं म्हणजे पुरे झालं. आजारी माणसाला बरं वाटतं, आणि भांडणात ‘बरं!’ म्हणून दार आपटलं की वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. त्याने मुलांना एका शब्दाच्या अनेक छटा शिकवल्या होत्या, ‘आवाजाच्या चढउतारावरून अर्थ ओळखा’ असे प्रश्न काढले होते. तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. “कसं म्हणाला? लांबवून म्हणाला की तोडून? बरंऽ, असं? की बरं.?” कमरजहां भाकरी थापत होती. “बरं म्हणाला.” “म्हणजे शेवटी आवाज वर गेला का?” “अहो, तो माणूस बरं म्हणाला. बरं कसं म्हणतात तसं.” थोड्या वेळाने तो पुन्हा आला. “आधी थांबला होता का? नमाज म्हटल्यावर? की लगेच?” तिने पिठाचा हात कमरेवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हसण्याच्या अगदी जवळ येऊन परत फिरला. “तुम्ही त्यालाच का नाही विचारत?” ती म्हणाली. “नंबर आहे. भाषा तर किती छान आहे तुमची.”

तो दुसऱ्या दिवशी दीनानाथकडे गेला. दीनानाथ सदाशिव पेठेतल्या आपल्या गच्चीवजा गॅलरीत कुंड्यांमधली माती उकरत होता. मकबूलने सगळं सांगितलं, ‘हं’पासून ‘बरं’पर्यंत. दीनानाथ न हसता ऐकत होता, म्हणजे त्याला फार हसू येत होतं. “लोक सुट्टीत हवा बदलायला जातात,” तो म्हणाला. “तू एकदम नावच बदललंस.” मग तो गंभीर झाला, मातीचं ढेकूळ हातात तसंच धरून उठला. “असं कर, मीच फोन लावतो त्याला. सांगतो, मी ओळखतो यांना. माझे सहकारी. अतिशय सज्जन गृहस्थ आहेत.”

“म्हणजे माझ्या सज्जनपणाची साक्षांकित प्रत जोडणार तू.”

दीनानाथच्या हातातून मातीचं ढेकूळ पडलं. त्याचा चेहरा असा झाला, जणू वर्गात सगळ्यात हुशार मुलाचं उत्तर चुकलंय. “मी तसं म्हणत नव्हतो रे.”

“तू कसं म्हणत होतास ते मला माहीत आहे. म्हणून तर तुला बोललो. दुसऱ्या कुणाला बोललो नसतो.”

दीनानाथने ढेकूळ उचलून कुंडीत परत टाकलं. कुंडीत काही उगवलेलं नव्हतं. मग दीनानाथ म्हणाला, “चहा घेणार?” आणि मकबूल म्हणाला, “घेणार,” आणि चहा होईपर्यंत दीनानाथ आत कपांचा नको इतका आवाज करत राहिला.

त्याच दिवशी दुपारी मकबूलने फोन लावला. कमरजहां आतल्या खोलीत शिलाईयंत्रावर होती; यंत्र थांबलं. घंटा पलीकडे वाजत राहिली. मुकुंदराव म्हणाले, जाऊ दे, नंतर करू. मकबूलने हात पाठीमागून पुढे घेतला.

“मी मकबूल इनामदार बोलतोय,” तो म्हणाला. “पुण्याहून.”

“बोला की.”

“त्या दिवशी तुम्ही मुकुंद असं ऐकलंत. मी दुरुस्त करायला हवं होतं. केलं नाही.”

खरखर. मग मच्छिंद्रचा आवाज, खाली आलेला, जवळचा. “मास्तर, तुमी रागावला न्हाई ना? बाई म्हनाल्या तवाच मला कळलं, मी लिवून घेताना घान केली. लाज वाटली, म्हनून गपकन ठिवला फोन. आता मास्तर येत न्हाई, असंच मी घरवालीला, हेमाला म्हनलं. शिकल्याल्या मानसाचं नाव चुकवायचं म्हंजे.”

कालपासून मकबूलने त्या शब्दाच्या मागे उभं राहून सगळं काही ऐकलं होतं, आणि तिकडे एक माणूस आपल्या कानांना दोष देत बसला होता.

“एक इचारू का?” मच्छिंद्र म्हणाला. “मग आता कांदा-लसून चालंल?”

“चालेल. अगदी चालेल. मला दोन्ही फार आवडतात.”

पलीकडे रिसीव्हर छातीशी धरल्यासारखा आवाज आला आणि हाक ऐकू आली, “अगं हेमा, चालतंय गं!” आणि लांबून कुणा बाईचा देवाचं नाव घेऊन टाकलेला इतका मोठा सुस्कारा आला की तो तारेतून भोरहून गुरुवार पेठेपर्यंत पोचला. आतल्या खोलीत शिलाईयंत्र पुन्हा सुरू झालं.

स्वारगेटहून ते एसटीने निघाले आणि भोरला जीप पकडून दुपारच्या आत पोचले. मच्छिंद्र फाट्यावर उभा होता. आवाजावरून मकबूलने धिप्पाड माणूस कल्पिला होता, हा किडकिडीत, मोठ्या कानांचा निघाला. हेमाने कमरजहांला हाताला धरून आत नेलं आणि दोघी जणी, एक दख्खनी मिसळलेल्या मराठीत आणि एक मावळी बोलीत, पहिल्या मिनिटापासून अशा काही बोलायला लागल्या की मकबूलने जन्मभर शिकवलेल्या भाषेची त्यांना कुठे गरजच पडली नाही. खोली छान होती. खिडकी कुठल्या दिशेला आहे हे त्याने बघितलंसुद्धा नाही. हातपाय धुऊन तो अंगणात आला, तर मच्छिंद्र त्याची वाट बघत उभा होता. काखेत लाल, तुरेबाज कोंबडा. शेजारी पाटावर घासून लखलखीत केलेली सुरी आणि तांब्यात पाणी.

“दुसऱ्याच्या हातचं तुमाला चालत न्हाई, म्हाइती हाय मला,” मच्छिंद्र म्हणाला. इतक्या काळजीपूर्वक शिकून आलेला विद्यार्थी मकबूलने क्वचितच पाहिला होता. “आमच्या गावात कोंबडं-बकरं कापायला मुलानी हाय, आमी बी त्याच्याच हातनं करून घेतो. पन तो गेलाय लेकीकडं. मग म्हनलं, मास्तर हायतीच की. ह्ये घ्या. तुमचं ते म्हना आन करा. आमी बाजूला हुतो.”

आणि कोंबडा मकबूलच्या हातात आला. तो त्याच्या कल्पनेपेक्षा हलका होता आणि पुष्कळ गरम. पिसांच्या खाली काहीतरी भलतंच वेगाने धडधडत होतं. त्याचं की आपलं, हे क्षणभर मकबूलला सांगता आलं नसतं. दारात हेमा आली, तिच्यामागे कमरजहां. कुंपणापलीकडून जाणारा एक म्हातारा काठी टेकून थांबला. मकबूलच्या डोळ्यांसमोर बकरी ईदच्या सकाळी आल्या, सगळ्या. त्या सकाळी तो वडिलांच्या दुकानात जाऊन कागदाच्या कातरणांत मान खुपसून बसायचा आणि कुणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही. पुढे संसारात कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवी आणायची, तीही हात लांब धरून. मच्छिंद्र अदबीने मान खाली घालून उभा होता. त्याची ती अदब चुकीच्या माणसापुढे होती, पण तिच्यात काडीचाही खोटेपणा नव्हता, आणि ती परत कशी करायची हे मकबूलला कळेना. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी तो जो होता तेच त्याला समजलं होतं, आणि आता त्या परीक्षेतही तो नापास व्हायला निघाला होता. कोंबड्याने मान वळवून एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

“मच्छिंद्रराव,” मकबूल म्हणाला, “मला येत नाही.”

“येत न्हाई?”

“नाही. कधी केलेलं नाही. बघितलेलंही नाही नीट.”

मच्छिंद्रने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी शंका आली, मग चिंता. आपलंच पुन्हा काही चुकलं की काय, अशी. तेवढ्यात दारातून कमरजहांचा आवाज आला, खणखणीत, अंगणाच्या पार पोचणारा.

“त्यांना फक्त व्याकरण येतं!”

आधी हेमा हसली, तोंडाला पदर लावून. मग कुंपणापलीकडचा म्हातारा, व्याकरण म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही. मग मच्छिंद्रने हसायचं की नाही हे मकबूलच्या तोंडाकडे बघून ठरवलं आणि तोही मोठ्याने हसला. मकबूल कोंबडा छातीशी धरून उभ्या उभ्या हलू लागला. हसू त्याच्या पोटातून येत होतं आणि कोंबड्याला ते बसत होतं; तो फडफडला, सुटला, आणि दोन पावलांवर जाऊन, आपल्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही अशा थाटात पिसं सारखी करू लागला.

“पर माझं वाटन तयार हाय त्याचं काय?” हेमा म्हणाली. कमरजहांने यावर तिला काहीतरी सांगितलं आणि दोघी आत गेल्या. उकडलेली अंडी त्या वाटणात सोडून रस्सा झाला, लाल, वर तर्री आलेला, लसणाचा वास पार वाटेपर्यंत जाणारा. ओसरीवर पंगत बसली. हेमाने भाकऱ्यांची टोपली आणून ठेवली आणि एक भला मोठा कांदा मकबूलच्या पुढ्यात ठेवला.

“ह्ये तरी येतंय का मास्तर?”

मकबूलने बाह्या सावरल्या. कांदा पाटाच्या कडेवर ठेवून त्याने मूठ उगारली आणि हाणली. कांदा सटकला, ओसरीवरून घरंगळत अंगणात गेला, आणि मच्छिंद्रने जाऊन तो उचलून, सदऱ्याला पुसून, परत आणून दिला. सगळे हात थांबवून बघत होते. मकबूलने कांदा डाव्या हाताने घट्ट धरला, दात आवळले आणि “अहो!” असं कुणाला तरी मोठ्याने ओरडून त्याने पुन्हा मूठ मारली. कांदा फुटला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायच्या आधी त्याने आंधळेपणानेच पाकळ्या चाचपून वेगळ्या केल्या आणि जो हात पुढे येईल त्या हातावर एकेक ठेवत गेला.